घरगुती फर्निचर व प्रकाशयोजना, समकालीन

राहत्या घरात बसणे, झोपणे, जेवणे, वाचणे आणि साठवण करणे यांसाठी आज घडवली जाणारी लाकडी, धातूची, बांबूची किंवा कृत्रिम फळ्यांची वस्तुरचना व तिला जोडून केलेली दिव्यांची मांडणी. माणूस घरात किती उंचीवर बसतो यावर त्याला दिवा कुठे हवा हे ठरते; म्हणून दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो. पालघर जिल्ह्यातील नंदाखाल व आसपासच्या वसई-विरार पट्ट्यात बागायतीतले कौलारू घर, नवा बंगला आणि रेल्वेच्या आधाराने वाढलेल्या वस्तीतली वन बीएचके सदनिका थोड्याच अंतरात पाहायला मिळतात. त्यामुळे हा बदल समजून घ्यायला हा परिसर सोयीचा आहे.

पूर्वपीठिका : जुने मराठी घर जमिनीलगत जगत असे. पाट, चौरंग, चटई, भिंतीतले फडताळ आणि कोनाडा एवढ्यावर बहुतेक घरे भागत. उंच बैठक म्हणजे ओटीवरचा झोपाळा. मांडी घालून बसलेल्या प्रौढाचे डोळे जमिनीपासून सुमारे ७० ते ७५ सेंमी. उंचीवर असतात. समई, कोनाड्यातली पणती आणि जवळ ठेवलेला कंदील यांचा उजेड त्याच पातळीवर पडे. वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांकडे होती. ‘अलमारी’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द पोर्तुगीजांकडूनच आला. एकोणिसाव्या शतकात मुंबईत काळ्या शिसवाचे कोरीव फर्निचर बनू लागले आणि खुर्ची-टेबल सधन घरांत रुळले.

विसाव्या शतकात कारखाना घरात आला. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनवायला सुरुवात केली; ‘गोदरेजचं कपाट’ हा मराठी संसारातला शब्दच होऊन बसला. १९३७ मध्ये भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचे प्रदर्शन भरवले आणि आटोपशीर, आधुनिक मांडणी मध्यमवर्गापुढे ठेवली. १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आल्यावर सुताराची सरस उकळण्याची कटकट हळूहळू संपली. भोकात कुसू बसवून केलेल्या सांध्याची जागा मग प्लायवूड, सनमायका आणि स्क्रू यांनी घेतली. पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले आणि वस्तूंच्या रचनेचे पद्धतशीर शिक्षण मुंबईत उपलब्ध झाले.

मापे : आजच्या फर्निचरचा पाया शरीराची मापे हा आहे. खुर्चीची बैठक साधारण ४२ ते ४५ सेंमी., जेवणाचे टेबल ७२ ते ७५ सेंमी. आणि स्वयंपाकाचा ओटा ८० ते ८५ सेंमी. उंच असतो. खुर्चीवर बसलेल्याचे डोळे सुमारे ११५ सेंमी.वर जातात; म्हणजे जमिनीवरच्या बैठकीपेक्षा दृष्टी जवळजवळ दीड फूट वर सरकते. छोट्या सदनिकेत एका वस्तूकडून दोन कामे करून घेतली जातात : खाली साठवणीचा कप्पा असलेला पलंग, रात्री अंथरूण होणारा सोफा, भिंतीला टेकवून मिटणारे टेबल. दुसरीकडे बुटका दिवाण, गादी-लोडाची बैठक आणि झोपाळा पुन्हा मागितले जात आहेत. गुडघे धरलेल्या ज्येष्ठांना मात्र उंच बैठक व हात टेकायला आधारच लागतो. एकाच घरात दोन्ही उंचींची सोय असणे हे चांगल्या रचनेचे लक्षण मानावे.

साहित्य : नंदाखालसारख्या किनाऱ्याजवळच्या गावात हवा हीच पहिली कसोटी आहे. लाकूड दमट हवेत तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते व कोरड्या हवेत आकसते. म्हणून भरीव फळीला हालचालीपुरती जागा सोडावी लागते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या उघड्या कडेत पाणी शिरले की ती फुगते आणि पूर्ववत होत नाही. अशा फळीच्या सर्व कडांना पट्टी चिकटवून त्या बंद कराव्यात. ओट्याखाली आणि न्हाणीघराजवळ आयएस ७१० दर्जाचे प्लायवूड वापरावे. त्याचा चिकटा ७२ तास उकळत्या पाण्यात तपासलेला असतो. साध्या लोखंडी बिजागऱ्या व चॅनेल खाऱ्या हवेत गंजतात, तेथे गंजरोधक पोलाद टिकते. पावसाळ्यात कपाट भिंतीला चिकटवून न ठेवता मागे हवा खेळेल इतके अंतर सोडावे. सागवानाला वाळवी सहजासहजी लागत नाही, म्हणूनच जुन्या घरांतले सागवानी पलंग आणि पेट्या आजही दुरुस्त करून वापरता येतात.

प्रकाश : निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. या शोधामुळेच पांढरा एलईडी दिवा शक्य झाला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. पूर्वीचा ६० वॅटचा पिवळा बल्ब जेवढा उजेड देई, तेवढा, म्हणजे सुमारे ८०० ल्युमेन, आज ९ वॅटमध्ये मिळतो. त्यामुळे दिवा विकत घेताना वॅट नव्हे, ल्युमेन पाहावेत. बैठक व झोपण्याच्या खोलीला २७०० ते ३००० केल्विनचा उबदार प्रकाश मानवतो. ओट्यावर व अभ्यासाच्या टेबलावर ४००० केल्विनपर्यंतचा चालतो. वाचनासाठी पानावर साधारण ३०० लक्स उजेड हवा. कापडाचा, भाजीचा, चेहऱ्याचा खरा रंग दिसायला रंगदर्शकता निर्देशांक ८० किंवा अधिक असावा.

फॉल्स सीलिंगमध्ये एकसारखे दिवे बसवण्याची पद्धत सध्या घरोघर दिसते. छत खाली येते, उजेड डोळ्यांवर पडतो आणि नेमक्या कामाच्या जागी सावली राहते. याऐवजी तीन थर ठेवावेत : भिंतीवर किंवा छतावर आदळून पसरणारा सौम्य उजेड, कामाच्या जागेचा स्वतंत्र दिवा आणि देव्हारा, वेदी किंवा चित्र उजळणारा लहान दिवा. जेवणाच्या टेबलावरचा टांगता दिवा टेबलापासून ७५ ते ८५ सेंमी. वर असला की समोरच्याचा चेहरा झाकत नाही आणि डोळेही दिपत नाहीत. प्रत्येक थराला वेगळे बटण हवे. उघड्या ओटीवरचा दिवा पाण्याच्या फवाऱ्याला दाद न देणारा, आयपी ६५ दर्जाचा असावा.

कोकणातील प्रयोग : कुडाळच्या कॉनबॅक या संस्थेने सिंधुदुर्गातल्या बांबूपासून फर्निचर व घरबांधणीचे काम उभे केले, तेथील माणगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव व मजबूत असल्याने फर्निचरला उपयोगी पडतो. वास्तुविशारद बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने अलिबागजवळच्या कार्यशाळेत सुतार-गवंड्यांबरोबर प्रत्यक्ष आकाराचे नमुने करत रचना घडवल्या. या कार्यपद्धतीचे दर्शन २०१० च्या वेनिस वास्तुकला प्रदर्शनात आणि पुढे २०२३-२४ मध्ये पॅरिसच्या कार्तिए फाउंडेशनमध्ये झाले. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर महिलांचे गट बांबूचे आकाशकंदील बनवतात, तर वसईच्या ख्रिस्ती घरांवर नाताळात कागदी तारे उजळतात. हातांत इतके कसब असलेल्या परिसरात बारमाही वापराचे दिवेही घडू शकतात.

निवड : २०१२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या पेपरफ्रायसारख्या ऑनलाइन दुकानांमुळे आणि डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भे येथे उघडलेल्या आयकियामुळे सुटे भाग जोडून उभे करायचे फर्निचर सर्वांच्या आवाक्यात आले. ते हलके व स्वस्त असते, पण वारंवार उघडून जोडल्यास स्क्रूची भोके सैल पडतात. घर वारंवार बदलणाऱ्या भाडेकरूने हे लक्षात घ्यावे. स्थानिक मिस्त्रीकडून करून घेतलेली वस्तू खोलीच्या मापाची असते आणि दहा वर्षांनी तोच किंवा दुसरा मिस्त्री ती दुरुस्तही करू शकतो. काम देण्यापूर्वी प्लायवूडचा दर्जा, बिजागऱ्यांची जात आणि दिव्यांच्या जागा कागदावर ठरवून घ्याव्यात. भिंत फोडण्याआधी घरातले प्रत्येक माणूस कुठे बसते, कुठे वाचते, कुठे प्रार्थना करते हे पाहून विजेचे पॉइंट काढावेत. जी वस्तू घरातल्या सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान माणसाला सारखीच वापरता येते, चार पावसाळे सोसते आणि गावातच दुरुस्त होते, तीच खऱ्या अर्थाने समकालीन होय.