कुंची, टोपडे आणि फीत

गेल्या पौषात आमच्या घरी नातीचे बारसे झाले. दिल्लीतील पौष म्हणजे काय, हे येथे काही हिवाळे काढलेल्या वाचकांस सांगणे नलगे. सकाळी दहापर्यंत सूर्यनारायणाचे दर्शन नाही आणि सरकारी निवासाच्या भिंती अशा गार, की हात लावताच मागे घ्यावा. अशा दिवशी सूनबाईंच्या मैत्रिणी, आमच्या कचेरीतील मंडळी आणि शेजारची पंजाबी कुटुंबे पाळण्याभोवती जमली. आहेराच्या पुड्यांतून इतर वस्तूंबरोबर पाच-सहा हेडबँड निघाले. कोणावर सॅटिनचे फूल, कोणावर मणी, तर कोणावर मुलीच्या चेहऱ्याएवढी गाठ! त्यांतील एक नातीच्या कपाळावर चढला, छायाचित्रे निघाली, कौतुक झाले. रात्री तो उतरविला तेव्हा कपाळावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत लाल वळ उमटलेला होता.

त्याच आठवड्यात एका स्नेह्याबरोबर सांगलीहून बाळंतविडा येऊन पोचला. सूनबाईंच्या आजींनी तो पाठविला होता. त्यात झबली होती, दुपटी होती, दोन टोपडी होती आणि हिरव्या खणाची, जरीच्या काठाची एक कुंची होती. आजींनी पणतीला अजून पाहिलेलेही नव्हते. तिच्या डोक्याचे माप त्यांना कोणी कळविले नव्हते. तरीही कुंची बसली. आम्हांला आश्चर्य वाटले; पण त्याहून अधिक आश्चर्य वाटले ते आपल्या अज्ञानाचे. ज्या वस्त्रात आपण स्वतः वाढलो, ते न मापता कसे बसते, याचा विचार आम्ही साठी उलटेपर्यंत कधी केलाच नव्हता! हा लेख त्या विचारातून निघाला आहे.

कुंचीची घडण पाहिली म्हणजे तिच्यातील शहाणपण ध्यानात येते. एक आयताकृती कापड घ्यावे, त्याची वरची कड मधोमध दुमडून मागच्या बाजूने शिवावी, म्हणजे डोक्यावरचे घर तयार होते. मानेपाशी चुण्या घालून बंद लावावेत. उरलेले कापड पाठीवरून खाली पायांपर्यंत येते. कपाळाशी झालर, टोकाला गोंडा, काठाला जर, ही सारी हौस. मूळ वस्त्र एवढेच. यात डोक्याला आवळणारी गोष्ट एकही नाही. कापड डोक्यावर टेकलेले असते, त्याला धरून ठेवलेले नसते. मूल वाढले, की मागची शिवण दोन बोटे उसवावी आणि बंद सैल करावेत. म्हणूनच एक कुंची थोरल्यापासून धाकट्यापर्यंत आणि पुढे नातवंडांपर्यंत चालत असे.

टोपडे हे तिचे रोजचे भावंड. जुन्या लुगड्याचे, धुऊन धुऊन मऊ झालेले कापड त्यासाठी मुद्दाम राखून ठेवीत. नव्या कापडाची खळ आणि खरखर तान्ह्या कातडीला सोसत नाही, हे ज्ञान घरोघरी होते. अंघोळ झाली, टाळूवर तेल घातले, शेकशेगडी झाली, की टोपडे चढवायचे. मोल्सवर्थच्या 1831 साली प्रथम निघालेल्या कोशातही या वस्त्रांची नावे आढळतात. ती किती अंगवळणी पडलेली होती याची साक्ष म्हणजे ‘अंगडे-टोपडे’ हा जोडशब्द. कुंचीचा खण ज्या गुळेदगुड्डच्या मागांवर विणला जाई, ते गाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. राज्यांच्या सीमा हलल्या, खण मात्र बाळंतविड्यात आपल्या जागी राहिला.

परंतु डोक्याची सोय आणि डोक्याचा मान या दोन गोष्टी नेहमीच एकत्र नांदतात असे नाही. आपल्या इतिहासात याचे एक हृदयद्रावक उदाहरण आहे. 1773 च्या ऑगस्टमध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. त्यानंतर 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर गंगाबाईंना पुत्र झाला. तेच सवाई माधवराव. अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळाला साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. कारभाऱ्यांना त्या इवल्या मस्तकावर एक राज्य तोलून धरायचे होते. पुढे 1792 मध्ये महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलकीची वस्त्रे घेऊन पुण्यास आले, तेव्हा पेशवे अठरा वर्षांचे होते. आणखी तीन वर्षांनी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ज्या दिल्लीत आम्ही आज नातीच्या टोपड्याचा विचार करीत बसलो आहोत, त्याच दिल्लीहून ती मानाची वस्त्रे निघाली होती. चाळीस दिवसांच्या बाळाला कोणते वस्त्र हवे असते, हे पुरंदरावरील एखादी दाईही सांगू शकली असती. पण तो प्रश्न विचारण्याची ती वेळ नव्हती.

मुलाच्या डोक्याशी मोठ्यांनी केलेली ही लगबग आपल्यापुरतीच मर्यादित नाही. युरोपात तान्ह्या मुलांना कापडी पट्ट्यांनी आवळून बांधण्याची रीत शतकानुशतके होती. रूसोने 1762 साली प्रसिद्ध झालेल्या ‘एमिल’ या ग्रंथात तिच्यावर कडाडून हल्ला केला. जन्मलेल्या मुलाला टोपरी नको, पट्ट्या नकोत, गुंडाळणे नको, असे त्याचे सांगणे होते. तरीही रीत एकदम गेली नाही. फ्रान्सच्या तुलूझ भागात मुलांची डोकी फडक्याने आवळून बांधण्याची चाल एकोणिसाव्या शतकातही टिकून होती. फोव्हिल या फ्रेंच वैद्याने 1834 साली यावर एक निबंधच लिहिला. डोके झाकण्याच्या या पद्धतीने कवटीचा आकार बदलतो, हे त्याने त्यात दाखविले. त्या मातांचा हेतू वाईट नव्हता. बाळाचे डोके जपावे म्हणूनच त्या बांधीत असत.

आपण त्यांना हसण्याचे कारण नाही. बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी आपल्या घरांतूनही असते आणि न्हाऊ घालणारी बाई डोके चेपून ‘घडविते’. मऊ कवटी घडविता येते, हे ज्याला कळते, त्यालाच तिला बिघडविताही येते. फरक केवळ जोराचा आणि वेळेचा.

ही कवटी इतकी मऊ का, याचेही कारण आहे. जन्मतः तिची हाडे एकमेकांस जुळलेली नसतात. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची साधारण वर्ष-दीड वर्षाने. या अवधीत मेंदू झपाट्याने वाढतो आणि कवटीला त्याच्यासाठी जागा करून द्यावी लागते. ही वाढ किती असते, हे ठरविण्याच्या कामात दिल्लीचाही वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात सहा देशांतील मुलांची मापे घेतली, त्यांत ऑस्लो, मस्कत, आक्रा यांच्याबरोबर दक्षिण दिल्लीतील मुलेही होती. त्यावरून डोक्याच्या घेराचे जे प्रमाण 2007 साली प्रसिद्ध झाले, त्यानुसार मध्यम मुलीच्या डोक्याचा घेर जन्मतः 33.9 सेंटिमीटर असतो, तीन महिन्यांनी 39.5, सहा महिन्यांनी 42.2 आणि वर्षाने 44.9. म्हणजे वर्षभरात अकरा सेंटिमीटर वाढ आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक पहिल्या तीन महिन्यांतच! बारशाला नेमका बसणारा बँड संक्रांतीला घट्ट होतो, यात नवल ते काय?

येथे फितीचा इतिहास आड येतो. पूर्वी फीत बांधली जाई. तिचा ताण बांधणाऱ्याच्या बोटांत असे आणि तो रोज नव्याने ठरे. 1820 साली इंग्लंडात टॉमस हॅनकॉकने हातमोजे, पायमोजे इत्यादींसाठी रबरी इलॅस्टिकचे पेटंट घेतले. 1958 साली अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने त्याहून चिवट असा ताणला जाणारा धागा सिद्ध केला. आजचे हेडबँड या दोघांचे वारस आहेत. इलॅस्टिक गाठ मारीत नाही, ते अखंड ओढीत राहते. डोके जितके वाढेल तितके ते अधिक ओढते. शिवाय पट्टी जितकी अरुंद, तितका तोच ताण थोड्या जागेवर एकवटतो. नातीच्या कपाळावरचा वळ या दोन कारणांनी उमटला होता. त्या सुबक बँडवर ‘सर्व वयांसाठी’ असे लिहिलेले होते!

मग सांगलीची कुंची निर्दोष आणि नोएडाच्या दुकानातला बँड तेवढा सदोष, असे म्हणावे काय? आम्हांला तसे म्हणावेसे फार वाटले. परंतु प्रामाणिकपणे पाहता कुंचीचे बंद हनुवटीखाली असतात आणि गळ्याशी असलेली नाडी कशात अडकली तर प्राणावर बेतू शकते. याच भीतीने युरोपात 2004 साली झालेल्या मानकाने सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत टोपी आणि गळा यांपाशी नाड्या ठेवण्यास मनाई केली. जरीचा काठ टोचतो. झोपलेल्या बाळाचे डोके झाकलेले नसावे, असेही आता बालरोगतज्ज्ञ सांगतात. कारण अंगातील जादा उष्णता बाहेर टाकण्याचा तान्ह्या मुलाचा एक मोठा मार्ग म्हणजे त्याचे डोके. जन्मल्यानंतरचे पहिले काही तास किंवा अपुऱ्या दिवसांचे मूल यांची गोष्ट वेगळी. तेथे टोपी हे औषधच आहे. बोगोटा येथे 1970 च्या दशकाच्या अखेरीस आईच्या छातीशी मूल बिलगवून ठेवण्याची जी रीत सुरू झाली, तीतही मुलाच्या डोक्यावर टोपी असतेच. आजीच्या काळी कुंचीतले मूल सहसा कोणाच्या तरी मांडीवर असे, नाडीवर कोणाची तरी नजर असे. वस्त्र तेच राहिले, मांड्या कमी झाल्या.

म्हणून आमच्या घरी आता पुढील रीत ठरली आहे. फीत घ्यायचीच असेल तर ती किमान दोन बोटे रुंद, मऊ सुती आणि शिवण बाहेरच्या बाजूस असलेली घ्यावी. घेण्यापूर्वी भुवयांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून टेपने घेर मोजावा आणि दर महिन्याला पुन्हा मोजावा. घातल्यावर फितीखाली आपले बोट सहज फिरले पाहिजे. काढल्यावर वळ दिसला तर ती फीत पुन्हा घालू नये, मग ती कोणी का दिलेली असेना. मणी आणि चिकटविलेली फुले निघून तोंडात जातात, ती आधीच काढून टाकावीत. मूल झोपले किंवा नजरेआड झाले, की डोक्यावर काही ठेवू नये. दिल्लीच्या जेठात तर फितीचे नावही काढू नये. ‘अंगापेक्षा बोंगा मोठा’ ही म्हण मोठ्यांसाठी झाली असेल, पण ती खरी लागू पडते ती पाळण्यात.

आणि कुंची? ती आम्ही ठेवली आहे. तिची नाडी सूनबाईंनी काढून टाकली आणि तेथे ओढताच सुटेल असे बटण लावले. फोनवर हे ऐकून आजी क्षणभर गप्प झाल्या. आम्हांला वाटले, त्यांना वाईट वाटले असावे. मग त्या म्हणाल्या, “तिच्या आज्याच्या वेळी मी गोंडा कापला होता, तोंडात घालायचा म्हणून. मागची शिवण कच्चीच घातलीय बरं का, उसवायला सोपी.”

तेव्हा आम्हांला उमगले, की कुंची न मापता बसली ती योगायोगाने नव्हे. पुढे तिला बदलणारे हात असतील, हे गृहीत धरूनच ती शिवलेली होती. परमुलखात नोकरीसाठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना बाळंतविड्यात वस्त्रे येतात, ते हात मात्र येत नाहीत. ते आपणच व्हावे लागते. नातीचा घेर या महिन्यात 41 सेंटिमीटर भरला. काल सूनबाईंनी मागची शिवण दोन बोटे उसवली.