खुर्द्यातील खोट आणि पोतदाराची नजर

गेल्या बाजाराच्या दिवशी शहपुऱ्यात भाजी घेतली, तेव्हा परत मिळालेल्या मोडीत दोन रुपयांचे एक नाणे आले. कडेपासून अंकापर्यंत त्यावर केसासारखी बारीक रेघ गेली होती. घरी येऊन तिच्यावरून नख फिरवले, तर नख अडखळले ते उंचवट्याला, खाचेला नव्हे. एवढ्या एका गोष्टीवरून त्या नाण्याची अर्धी हकीकत कळते.

वापरात घासून उमटलेला ओरखडा धातूत खोल जातो. उंचावलेली रेघ मात्र बहुधा टांकसाळीतच जन्मास येते. पोलादी ठशाला तडा गेला म्हणजे दाबाखालचा धातू त्या तड्यात शिरतो आणि ठसा बदलेपर्यंत त्याखालून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर ती रेघ उमटत राहते. चकती ठशाखाली नीट बसली नाही, तर छाप एका अंगाला सरकते व दुसऱ्या अंगाला कोरी चंद्रकोर राहते. पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या छिद्रावर काप पडला, तर नाण्याची कड घास घेतल्यासारखी तुटकी दिसते. अशा वेळी त्याच मालिकेतील दुसरे नाणे शेजारी ठेवून पाहावे. एकट्या नाण्यावरून निर्णय देऊ नये.

जे खोट दिसते ते पुष्कळदा खोट नसतेही. सध्याच्या नाण्यांवर सालाखाली मुंबईच्या टांकसाळीची चौकटीसारखी खूण असते, हैदराबादची चांदणी, तर १९८८ साली सुरू झालेल्या नोएडाच्या टांकसाळीचा ठिपका. कोलकात्याची खूणच नसते. ती 'राहून गेली' असे समजून कित्येक हौशी गृहस्थ साध्या नाण्यासाठी भलतीच किंमत मोजतात. उलट, १९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयावर टांकसाळीने काहीच चुकविले नव्हते. चूक आराखड्यात होती. राजाच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, असंतोष उसळला आणि पाडलेल्या सुमारे ९४ लाख रुपयांपैकी सुमारे ७ लाखच चलनात जाऊन उरलेले वितळविले गेले. १९१२ साली हत्तीची सोंड स्पष्ट करून नवा ठसा काढण्यात आला.

नाणे असे निरखणे आपल्याकडे नवे नाही. मराठ्यांच्या खजिन्यात पोतदार नावाचा अधिकारी हेच काम करी. नाणे वाजवून, कसून, वजन करून तो पारख करी. 'बद्द वाजणे', 'नावाला बट्टा लागणे' हे आपल्या तोंडचे शब्दप्रयोग त्याच पेढीवरून आले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९९ साली मराठेशाहीतील चलन व टांकसाळी यांवर निबंध वाचला. खाजगी कारखानदारांना परवाने देऊन नाणी पाडून घेण्याची त्या काळची रीत ध्यानात घेतली म्हणजे पोतदाराची गरज समजते. टांकसाळी अनेक, वजन व कस निरनिराळे. म्हणून एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात बट्टा दिल्यावाचून चालत नसे. सराफ आपल्या पारखीची खूण रुपयावर ठोकी. खोट टांकसाळीची असो वा झिजेची, तिचा भार बहुधा शेतसारा भरणाऱ्या रयतेवरच पडे. पारख करणाऱ्याची नजर प्रामाणिक असणे ही तेव्हा कुणाच्या तरी घरच्या धान्याची गोष्ट होती.

हा इतिहास आम्हां शहपुरकरांपासून दूर नाही. येथून जबलपूरला निघाले की शहराच्या अलीकडच्या अंगाला, आता शहरातच सामावलेले, गढा लागते. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांकडे आले. पुढे १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले. त्या मराठी अमलात 'रविशनगर सागर' आणि 'बालानगर गढा' या टांकसाळनावांचे रुपये निघाले. अक्षरे फारसी, नाव दिल्लीच्या शाह आलमचे. मराठी असे त्यांवर काही शोधूनही सापडत नाही. शिवाय ठसा मोठा व चकती लहान, आणि घाव हातोड्याचा. त्यामुळे टांकसाळीचे नाव कडेबाहेर जाऊन बहुधा अर्धेमुर्धेच उरते. एका नाण्यावर 'गढा'चा तुकडा, दुसऱ्यावर 'बाला'चा. अशी दोन-चार नाणी जुळविली तेव्हाच अभ्यासकांना ते नाव पुरते वाचता येते. कंपनी सरकारने १८३५ साली यंत्रावरचा एकछाप रुपया आणला, आणि ही मौज व ही अडचण दोन्ही हळूहळू संपत गेली.

नोकरीच्या निमित्ताने परप्रांती राहणाऱ्या आपणांपैकी कित्येकांच्या घरी आजीच्या डब्यात असा एखादा वेडावाकडा रुपया असेल. अक्षर अर्धवट म्हणून तो टाकाऊ समजला जातो व चांदीच्या भावाने सोनाराच्या मुशीत जातो. त्याबरोबर एका नावाचा तेवढा तुकडाही वितळतो. तसे करण्यापूर्वी तो कुणा जाणत्याला दाखवावा. घासून उजळवू मात्र नये, कारण घासण्याने टांकसाळीची खूण व आपला ओरखडा यांतला भेदच पुसला जातो.

असो. माझे दोन रुपयांचे नाणे दोन रुपयांचेच आहे. त्याची अधिक किंमत मला नको. एका तडकलेल्या ठशाची साक्ष म्हणून ते मी सांभाळून ठेवले आहे.