नरक्या
नरक्या : (लॅ. नोथॅपोडायटीस निम्मोनियाना, कुल – आयकॅसिनेसी). सह्याद्रीच्या सदाहरित व निमसदाहरित जंगलांत वाढणारा लहान वृक्ष. महाराष्ट्रात तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर व सातारा जिल्ह्यांच्या घाट परिसरात आढळतो. फुले लहान, पिवळसर पांढरी व दुर्गंधी. फळ पिकल्यावर काळपट जांभळे होते.

मूळ, खोड व सालीत कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड असते. वॉल व वाणी यांनी 1966 मध्ये ते एका चिनी वृक्षातून वेगळे केले. 1972 मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी ते नरक्यात दाखवले. टोपोआयसोमरेज-1 या विकराला अडवून ते पेशींचे विभाजन रोखते. मूळ द्रव्य फार विषारी ठरल्याने त्यापासून टोपोटेकॅन (अंडाशय व फुप्फुसाचा कर्करोग) आणि इरिनोटेकॅन (मोठ्या आतड्याचा कर्करोग) ही औषधे बनवली गेली. अमेरिकेत दोन्हींना 1996 मध्ये मान्यता मिळाली.

नरक्यातील द्रव्यापासून कर्करोगावरील औषधे बनत असली, तरी नरक्या वेदनाशामक नाही. त्याची साल उगाळून किंवा काढा करून घेणे धोकादायक असून चालू केमोथेरपीतही गुंतागुंत होऊ शकते. कर्करोगाच्या तीव्र वेदनांवरील प्रमुख औषध मॉर्फिन हेही अफूच्या बोंडातून मिळणारे वनस्पतिजन्य द्रव्यच आहे. मात्र ते मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात.

परदेशी मागणीमुळे नरक्याची बेसुमार व चोरटी तोड झाली. झाड मुळासकट काढले जात असल्याने नैसर्गिक पुनरुत्पादन खुंटते. म्हणून रोपवाटिकांतील लागवड व ऊतिसंवर्धन महत्त्वाचे आहे.