तीन पायांचं वजन

1866 साली छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न कॅमेरा घेऊन हिमालयातल्या मणिरंग खिंडीत पोचला. उंची सुमारे 18,600 फूट. सोबत काचेच्या प्लेटा, रसायनांच्या बाटल्या, प्लेटा धुवायचा काळोखा तंबू आणि हे सगळं वाहणारे हमाल. काळ ओल्या कलोडियनचा. काचेवर द्रावण ओतायचं, ते सुकायच्या आत चित्र घ्यायचं आणि तिथल्या तिथे धुवायचं. लेन्सचं झाकण काढलं की सेकंद मोजत उभं राहायचं, आणि तेवढा वेळ वाऱ्यात कॅमेरा तसूभरही हलता कामा नये. बोर्नच्या चढाईचं कौतुक पुष्कळ होतं. कॅमेरा ज्यावर उभा होता त्या स्टँडची आठवण फारशी कुणाला होत नाही. माझी उमर स्टँड दुरुस्त करण्यात गेली, म्हणून मला आधी तोच दिसतो.

प्लेट कॅमेऱ्याचे जुने लाकडी स्टँड अजूनही माझ्याकडे येतात. त्यांचा पाय म्हणजे एक दांडकं नसतं. दोन सडपातळ पट्ट्या असतात. वर चार बोटं फाकलेल्या, पितळी मुंडीला दोन बाजूंनी अडकवलेल्या, आणि खाली येता येता एकमेकींना मिळालेल्या. त्यांच्यामधून तिसरी पट्टी सरकत खाली येते, ती पितळी स्क्रूने आवळायची. टोकाला लोखंडी अणी. मुंडी धरून पिळायचा प्रयत्न करा, पाय दाद देत नाही. वरचा तो फाकच सगळा पीळ अडवतो. लाकडाचं आणखी एक आहे: टिचकी मारली की आवाज जागीच विरतो. ॲल्युमिनियमची नळी मात्र झणझणत राहते. त्या सुतारांनी हलकेपणा आकारातून काढला, आणि माझ्या मते ती कारागिरी लेन्स घासणाऱ्यांच्या तोडीची आहे.

आपल्याकडे फोटोग्राफीची विद्या लवकर आली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालीच निघाली. अजिंठ्याची चित्रं वर्षानुवर्षं रंगांत उतरवणाऱ्या मेजर रॉबर्ट गिलने पुढे कॅमेरा हाती घेतला. अजिंठा-वेरूळचे त्याचे 74 फोटो जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह 1864 साली पुस्तकात आले. लेण्यातल्या उजेडात काम करायचं तर स्टँडशिवाय इलाज नव्हता.

पुढे कोरड्या प्लेटा आल्या, मग फिल्म, 1925 साली लायका. कॅमेरा गळ्यात आला आणि स्टँडचे पाय काडीसारखे झाले. इथेच घोळ झाला. पातळ नळीचा व्यास दुप्पट केला, पत्र्याची जाडी तेवढीच ठेवली, तर वजन दुप्पट होतं पण वाकण्याला विरोध आठपट वाढतो. उलट दिशेनेही हिशोब तोच. म्हणून चार-पाच टप्प्यांच्या स्टँडचा शेवटचा, करंगळीएवढा टप्पा सगळ्यात दगा देतो. 1994 साली गिट्झो कंपनीने कार्बन फायबरचे पाय आणले, तेव्हा कमी वजनात जाड नळी देता येऊ लागली. जुन्या सुतारांचं गणित पुन्हा जमलं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

गिऱ्हाईक हलका आणि भक्कम स्टँड मागतं, तेव्हा मी आधी टप्पे मोजतो. तीन असले तर उत्तम. मग सगळे पाय पूर्ण सोडून मुंडी दोन्ही हातांनी हलकेच पिळून पाहायला सांगतो. मधली दांडी वर काढायची गरज पडत असेल तर तो स्टँड त्या माणसाच्या उंचीला पुरा नाही. दांडी वर गेली की तीन पायांच्या डोक्यावर चौथा, एकटा पाय उभा राहतो. वजन कमीच करायचं असेल तर ती दांडी काढून टाकावी, पाय बारीक करू नयेत. गडावर वारा असेल तर मुंडीखालच्या हुकाला दगडांची पिशवी टांगावी, पण ती जमिनीला जेमतेम टेकेल एवढीच. लोंबकळती राहिली तर वाऱ्याने झोके घेते आणि स्टँडलाही हलवते.