सुजाता : एका नावाची गोष्ट

आपल्या वस्तीत 'सुजाता' अशी हाक मारली, की दोन-तीन दारांतून तरी 'ओ' येते. हे नाव आलं कुठून?

तथागतांनी सहा वर्षांची कठोर तपश्चर्या सोडली, तेव्हा उरुवेलेच्या सेनानीची कन्या सुजाता हिने त्यांना खीर दिली. ही कथा आपल्या पोरासोरांनाही पाठ आहे. बोधगयेहून नदी ओलांडली की बकरौर गावी तिच्या नावाचा स्तूप आहे. दुसरी सुजाता अनाथपिंडिकाची सून. माहेरच्या श्रीमंतीचा तोरा मिरवणारी, सासू-सासऱ्यांना न जुमानणारी. भगवंतांनी तिला भार्यांचे सात प्रकार सांगितले. बारशाला मात्र तिची आठवण कुणी काढत नाही!

सुजाता म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली. आणि आमच्या आज्यांची नावं? धोंडी, दगडी, कचरी. चांगलं नाव ठेवलं तर गावाच्या डोळ्यांवर यायचं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्यांच्याच नातींना आम्ही सुजाता म्हणू लागलो. १९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' चित्रपट आला. त्यात नूतनने रंगवलेली, सवर्ण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी, तिचंही नाव हेच. तिकडे तामिळ लेखक रंगराजन यांनी तर बायकोचं नाव टोपणनाव म्हणून घेतलं आणि पुरुष असून 'सुजाता' म्हणून गाजले.

इतर समाजांतही हे नाव सर्रास आहे. त्यामुळे नुसत्या नावावरून आमच्या मुलींची जात कळत नाही. मग पुढचा प्रश्न येतोच, "आडनाव काय गं तुझं?"