एका नावाच्या दोन युद्धनौका आणि ग्वाल्हेर

नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आपल्या घरोघरी आहे. ब्रिटिश आरमारातही जुनी युद्धनौका मोडीत निघाली म्हणजे तिचे नाव नव्या नौकेस देण्याची अशीच वहिवाट आहे. ग्वाल्हेर समुद्रापासून शेकडो कोस दूर. तथापि ‘रिनाऊन’, म्हणजे कीर्ती, या एकाच नावाच्या दोन युद्धनौकांशी शिंद्यांच्या त्या राजधानीचा संबंध आला, आणि दोन्ही वेळी यजमान एकच होते : महाराज माधवराव.

या नावाचा प्रवास मोठा चमत्कारिक आहे. प्रथम ते ज्या नौकेस द्यावयाचे ठरले होते, तिचे १८९१ साली जलावतरण झाले ते ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने. व्हिक्टोरिया राणीची ही पदवी १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस जाहीर झाली होती. मोकळे झालेले ‘रिनाऊन’ हे नाव मग १८९५ च्या नौकेस मिळाले. याच नौकेने ९ नोव्हेंबर १९०५ रोजी युवराज जॉर्ज यांस मुंबईस आणले. वंगभंग अमलात येऊन तेव्हा महिनाही लोटला नव्हता. तरीही मुंबईने स्वागत केले. डिसेंबरात ग्वाल्हेरीस तर हत्तींची मिरवणूक निघाली. पुढे महाराजांनी आपल्या कन्येच्या व पुत्राच्या नावांस ‘मेरी’ व ‘जॉर्ज’ ही नावे जोडली. राजनिष्ठेची याहून बोलकी खूण कोणती असणार?

‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही युद्धनौका १९१३ साली तोफांच्या सरावात निशाण म्हणून बुडविण्यात आली. पण त्याच नावाची एक प्रवासी आगबोटही होती. महायुद्ध पेटताच माधवरावांनी इतर संस्थानिकांच्या साहाय्याने ती विकत घेतली, रुग्णनौका म्हणून सजविली आणि तिचे नाव ठेवले ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदी उद्योजकांनी ती घेतली व आपल्या नव्या कंपनीस ‘सिंदिया’ हेच नाव दिले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. परक्या कंपन्यांच्या मक्तेदारीस या ‘राजनिष्ठ’ बोटीनेच आव्हान द्यावे, हा योग कोणा नाटककारासही सुचला नसता! बोट किफायतशीर ठरली नाही, १९२३ साली ती मोडली. परंतु ५ एप्रिल हा आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

मधल्या काळात जुनी ‘रिनाऊन’ १९१४ साली भंगारात गेली होती. १९१६ च्या नव्या ‘रिनाऊन’ने १७ नोव्हेंबर १९२१ रोजी जॉर्जपुत्र एडवर्ड यांस त्याच मुंबईस आणले. नाव तेच, बंदर तेच. मात्र गांधीजींनी बहिष्कार पुकारला होता. परळला विलायती कापडाची होळी पेटली, शहरात दंगल होऊन माणसे बळी पडली, आणि व्यथित गांधीजींनी उपवास आरंभिला. फेब्रुवारी १९२२ मध्ये युवराज ग्वाल्हेरीस आले, तेव्हा दरबारी आतिथ्यात तिळमात्र उणे नव्हते. चौरीचौऱ्याची घटना त्याच महिन्यातली.

ही दुसरी ‘रिनाऊन’ १९४८ साली मोडीत निघाली. त्याच वर्षी ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन होऊन जॉर्ज जिवाजीराव राजप्रमुख झाले. आणि १४ मार्चला विशाखापट्टणम् येथे सिंदिया कंपनीने बांधलेल्या जहाजाचे जलावतरण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. त्याचे नाव ‘जलउषा’.