भूमि-अभिलेख, मराठवाड्यातील

भूमि-अभिलेख, मराठवाड्यातील : जमिनीचे क्षेत्र, तिची प्रत, तिच्यावरील सरकारी आकार, तिचा धारक आणि तीत निघालेले पीक यांची शासनाने ठेवलेली लेखी नोंद म्हणजे भूमि-अभिलेख. या अभिलेखाच्या व्यवस्थेस दोन अंगे असतात : गावोगावची माहिती गोळा करून ती एका ठरावीक नमुन्यात मांडणे हे पहिले आणि मांडलेली माहिती वस्तुस्थितीशी जुळते की नाही यावर सतत देखरेख ठेवणे हे दुसरे. पहिले काम एखाद्या कर्तबगार प्रशासकाच्या कारकीर्दीत पुरे होऊ शकते. दुसरे मात्र कधीच संपत नाही. दख्खनमधील जमाबंदीचा गेल्या चार शतकांचा इतिहास पाहता बहुतेक व्यवस्था या दुसऱ्या अंगाच्या दुर्बलतेमुळे ढासळल्याचे आढळते. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या पश्चिम भागातील परंडा तालुका हे याचे चांगले उदाहरण होय. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि आसफजाही अशा अनेक राजवटींचा अंमल या भूभागाने पाहिला. त्यामुळे येथील जमिनींच्या नोंदींत निरनिराळ्या काळांतील भाषा, लिपी, कालगणना व मोजमापे यांचे थर एकावर एक साचलेले आहेत.

मलिक अंबरची जमाबंदी : परंडा येथील भुईकोट किल्ल्याच्या बांधणीचे श्रेय परंपरेने बहमनी वजीर महमूद गावान (मृत्यू १४८१) याला दिले जाते. ऑगस्ट १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर निजामशाही सरदारांनी दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसविले आणि परंडा हे काही काळ त्या राज्याचे मुख्य ठाणे बनले. या घडामोडींत पुढे आलेला मलिक अंबर (१५४८–१६२६) हा पुढील पाव शतक निजामशाहीचा खरा सूत्रधार होता. मोगलांशी अखंड युद्ध चालविण्यासाठी त्याला निश्चित उत्पन्नाची गरज होती आणि युद्धाने उजाड झालेला मुलूख पुन्हा लागवडीस आणल्यावाचून ते मिळणे शक्य नव्हते.

मलिक अंबरने महसुलाचा इजारा, म्हणजे मक्त्याने वसुली करण्याची पद्धत, बंद केली. गावाच्या जमिनीची प्रत व अनेक हंगामांतील प्रत्यक्ष उत्पन्न पाहून त्यावरून सरकारी वाटा ठरविण्यात आला. मराठ्यांचा इतिहासकार ग्रँट डफ याच्या म्हणण्याप्रमाणे आरंभी हा वाटा धान्यरूपाने उत्पन्नाच्या सुमारे दोन पंचमांश होता व पुढे त्याचे रोख रकमेत रूपांतर होऊन तो सुमारे एक तृतीयांशावर आला. हा रोख आकार कायमचा होता की पिकाप्रमाणे बदलत असे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढील काळात ‘तनखा’ या नावाने त्याचा उल्लेख होत राहिला आणि नव्या जमाबंदीच्या वेळी तुलनेसाठी तो आधार म्हणून घेतला जाई. एका हंगामावर विसंबून न राहता अनेक हंगामांची माहिती जमवून मग दर ठरविणे, हे या पद्धतीचे मर्म होय. पर्जन्यमान अनिश्चित असलेल्या परंड्यासारख्या प्रदेशात एका वर्षाच्या पिकावरून बांधलेला आकार एक तर रयतेला बुडविणारा किंवा सरकारला तोट्यात टाकणारा ठरला असता.

निजामशाहीच्या अखेरीस परंडा आदिलशाहीकडे गेले. तेथील प्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ तोफ १६३२ मध्ये विजापुरास नेण्यात आली. १६६० मध्ये हा किल्ला मोगलांच्या ताब्यात आला व परंडा हे औरंगाबाद सुभ्यातील एका सरकारचे ठिकाण झाले. तत्पूर्वी, औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना (१६५२–५८), त्याचा दिवाण मुर्शिद कुलीखान याने मोगल दख्खनमध्ये जमिनीची मोजणी व पिकाची वाटणी यांवर आधारलेली पद्धत सुरू केली होती. पावसावरील पिकात निम्मा आणि विहिरीच्या पाण्यावरील पिकात एक तृतीयांश असा सरकारी वाटा तीत सामान्यतः असे. जेथे मोजणी शक्य नव्हती तेथे नांगरामागे ठोक आकाराची जुनी रीत त्याने चालू ठेवली.

गावदफ्तर व त्याची तपासणी : राजवटी बदलल्या तरी माहितीचा मूळ स्रोत मात्र गावचा कुलकर्णीच राहिला. लावणी, वसूल, बाकी, इनाम व पडीत जमीन यांची टिपणे तो मोडी लिपीत ठेवी. थळझाड्यात प्रत्येक थळ व त्याचा धारक यांची नोंद असे. कागद कापडी रुमालात बांधून ठेवले जात. परगण्याच्या पातळीवर देशमुखाबरोबर देशपांडे हा वतनदार असून त्याच्याकडे त्याच गावांचे स्वतंत्र हिशेब असत. गाव व परगणा यांचे कागद परस्परांशी ताडून पाहणे हीच तत्कालीन देखरेख होय. दोन ठिकाणी वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली नोंद जुळली, तर ती विश्वसनीय मानली जाई.

या व्यवस्थेचे दोष उघड होते. नोंद लिहिणारा स्वतःच वतनदार असल्याने त्याचे हितसंबंध तीत गुंतलेले असत. दफ्तर त्याच्या घरीच राही. आग, वाळवी, लूट किंवा भाऊबंदकी यांमुळे ते नष्ट झाले तर रयतेचा हक्क सिद्ध करण्यास आधार उरत नसे. मध्यवर्ती सत्ता दुबळी झाली, की परगण्याचे कागद गावच्या कागदांवरूनच उतरविले जात आणि मग त्यांची परस्परांशी तुलना निरर्थक ठरे.

हैदराबाद संस्थानातील मोजणी : आसफजाही अमदानीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महसुलाची वसुली पुन्हा मक्तेदारांच्या हाती गेली. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर नळदुर्ग–धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला. तेथील अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने महसुली मोजणीस हात घातला. परंतु १८६० मध्ये हा मुलूख संस्थानाला परत करण्यात आला. दिवाण पहिला सालारजंग (कारकीर्द १८५३–८३) याने मक्तेदारी मोडून १८६५ मध्ये जिलाबंदी केली, म्हणजे राज्याचे जिल्हे पाडून पगारी अधिकारी नेमले. त्यानंतर मोजणी व जमाबंदी यांचे स्वतंत्र खाते निर्माण करण्यात येऊन शेजारच्या मुंबई इलाख्यातील पद्धत स्वीकारण्यात आली.

ही पद्धत स्वतः एका अपयशातून घडलेली होती. १८२० नंतरच्या दशकात पुणे भागात प्रिंगल याने प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून आकार ठरविण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी लागणारी माहिती इतकी गुंतागुंतीची होती, की ती तपासणे वरिष्ठांना अशक्य झाले. खालच्या नोकरवर्गाने भरलेल्या खोट्या आकड्यांवर दर बसले आणि गावे ओस पडू लागली. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात नवी पद्धत आखताना उत्पन्नाचा हिशेब सोडून दिला. शेताचे क्षेत्र, मातीची खोली व प्रत यांसारख्या डोळ्यांनी दिसणाऱ्या आणि पुन्हा तपासता येणाऱ्या गोष्टींचीच त्यांनी नोंद केली. मोजणीसाठी ३३ फुटी साखळी असून एक साखळी लांब व तितकेच रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा व ४० गुंठे म्हणजे एक एकर, असे कोष्टक होते. मातीची प्रत आण्यांत मांडीत. कनिष्ठांनी मोजलेल्या शेतांपैकी काही शेते वरिष्ठाने स्वतः पुन्हा मोजावीत, असा दंडक होता. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही तत्त्वे स्थिर केली. आकार तीस वर्षांसाठी कायम करण्यात येई. कमी माहिती गोळा करावी पण ती पडताळता येण्याजोगी असावी, हा या पद्धतीचा धडा होय.

मराठवाड्यात या मोजणीतून सेतवार, वसूल बाकी, फैसल पत्रक व पाहणी पत्रक असे अभिलेख तयार झाले. सेतवारात मूळ भूमापन क्रमांक व धारक, तर फैसल पत्रकात वर्षभरात झालेले बदल नोंदविले जात. इनामांच्या चौकशीनंतर दिल्या जाणाऱ्या मान्यतापत्रास मुन्तखब म्हणत. पुष्कळ कागद उर्दूत असून त्यांवरील वर्षे फसली सनाची आहेत. इसवी सन काढण्यासाठी त्यांत सुमारे ५९० मिळवावे लागतात. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर जहागिरी रद्द झाल्या (१९४९) व कुळकायदा आला (१९५०). १३५८ फसलीच्या हक्कनोंदणीविषयक विनियमानुसार १९५४-५५ मध्ये खासरा पाहणी करण्यात आली. जहागिरी व इनामे संपुष्टात येत असताना जमीन प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यात आहे हे तीत नोंदले गेल्याने मराठवाड्यातील मालकी हक्काच्या वादांत खासरा पत्रकाला आजही मोठे महत्त्व आहे.

सातबारा : १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हा १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आल्यावर राज्यभर एकच पद्धत लागू झाली. गावनमुना सात हा अधिकार अभिलेख व गावनमुना बारा ही पिकांची नोंदवही. दोन्ही एकाच पत्रकावर असल्याने त्याला ‘सातबारा’ हे नाव रूढ झाले. खातेदारनिहाय नोंद आठ-अ मध्ये, तर हक्कातील प्रत्येक बदल प्रथम गावनमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, लिहिला जातो. हक्क मिळविणाऱ्याने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावयाचे, तलाठ्याने नोंद घेऊन हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची, हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावयाची आणि मंडल अधिकारी वा तत्सम वरिष्ठाने तपासून नोंद प्रमाणित करावयाची, असा क्रम आहे. नोंद घेणारा व ती प्रमाणित करणारा हे वेगळे असणे हा या रचनेचा कणा होय.

कायद्याच्या १५७ व्या कलमानुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. त्यामुळे चुकीच्या नोंदीचा भार ज्याचे नाव वगळले गेले त्याच्यावर पडतो. पीककर्ज, नुकसानभरपाई, वारसांचे हिस्से हे सर्व याच उताऱ्यावर अवलंबून असतात. परंडा तालुक्यात सीना नदीवरील सीना-कोळेगावसारख्या प्रकल्पासाठी भूसंपादन होताना मोबदला कोणाला द्यावयाचा, हे प्रथमतः अभिलेखावरूनच पाहिले जाते. वडिलांच्या मृत्यूनंतर वारस म्हणून मुलींची नावे न लागणे किंवा वाटणीनंतर फेरफार न होणे, हे दोष पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात.

संगणकीकरण : केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर भूमि-अभिलेखांचे संगणकीकरण हाती घेतले, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात ‘ई-फेरफार’ या आज्ञावलीद्वारे फेरफाराची सर्व प्रक्रिया संगणकावर आणण्यात आली व तालुक्या-तालुक्यांतील विखुरलेली माहिती एकत्र जोडण्यात आली. राज्यातील सुमारे अडीच कोटी सातबारे या संचात आहेत. जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक किंवा खातेदाराचे नाव यांवरून हवा तो उतारा शोधता येतो.

संगणकाने शोध सुकर केला, तरी देखरेखीचा जुना प्रश्न नव्या रूपात पुढे आला. हस्तलिखितावरून टंकलेखन करताना झालेल्या चुका संगणकीय उताऱ्यात जशाच्या तशा उतरल्या. त्या काढण्यासाठी २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. गावकऱ्यांसमोर उतारे वाचून त्यांच्याकडून दुरुस्त्या घेतल्या गेल्या. सातबाऱ्यांवरील एकूण क्षेत्र मूळ आकारबंदाशी जुळते की नाही आणि सात व आठ-अ यांत विसंगती आहे का, हे संगणकच तपासून विसंगतींचे अहवाल देतो. किती फेरफार किती दिवस प्रलंबित आहेत, हेही वरिष्ठांना दिसते. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू होऊन शेतकऱ्याला शेतात उभे राहून पिकाच्या छायाचित्रासह नोंद करण्याची सोय झाली. तलाठ्याकडे त्यांपैकी काही नोंदींच्या पडताळणीचे काम राहिले. येथे माहिती गोळा करणारा व तपासणारा यांच्या जागा बदलल्या, तत्त्व मात्र तेच राहिले.

यंत्राला मर्यादा आहेत. आकडे परस्परांशी जुळतात हे ते सांगू शकते, शेतात कोण नांगर धरतो हे सांगू शकत नाही. जुन्या मूळ कागदांची गरजही संपलेली नाही. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामात निजामकालीन महसुली दफ्तरे पुन्हा उघडावी लागली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांचे साहाय्य घ्यावे लागले. रुमालात बांधून ठेवलेल्या कागदावर शतकानंतर असंख्य कुटुंबांचे हित अवलंबून राहिले, ही घटना अभिलेखांच्या जतनाचे महत्त्व दर्शविते. मलिक अंबरच्या काळापासून आजपर्यंत या प्रदेशाने अनुभवलेली गोष्ट एकच आहे : नोंदीचे मोल ती ज्या काळजीने वारंवार तपासली जाते त्यावर ठरते.